चाकामागचा धोंडा

फेलिनोची जुनी गाडी बागियोच्या चढावर हटकून बंद पडायची आणि ब्रेक लागत नसल्यामुळे मागे घरंगळायची, म्हणून बायको लूमिंग पायाशी धोंडा घेऊन शेजारी बसायची. गाडी थांबली रे थांबली, की खाली उतरून चाकामागे धोंडा लावायची. "माझं लग्न तुझ्याशी झालंय की ह्या डबड्याशी?" असं ऐकवत भाजीबाजारापर्यंत सोबत करायची. गेल्या आठवड्यात त्यानं गुपचूप नवे ब्रेक बसवले. सांगितलं असतं, तर ती घरीच राहिली असती. आज चढावर इंजिन पुन्हा बंद पडलं. लूमिंग खाली वाकली आणि थबकली. धोंडा घरीच राहिला होता. गाडी जागची हलली नाही. फेलिनो ओशाळून समोर बघत राहिला. तिनं उकडलेलं रताळं मोडून अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. "उद्या आठवणीनं घेते धोंडा," ती म्हणाली. "तुझ्या ब्रेकचा काय भरवसा?"