आपल्याखालचा देश

रुळांच्या देखभालीवर कोणता देश किती खर्च करतो, याचा तक्ता अभियंता शर्वरी केळसकरांनी साहेबांपुढे ठेवला. खाडीवरच्या गंजलेल्या पुलासाठी त्यांना निधी हवा होता.

साहेब वैतागले. "स्वित्झर्लंड, जपान... बाई, यात आपण तळाशी दिसतो. आपल्याखाली एखादा देश शोधा!"

शर्वरीबाईंनी जग पालथं घालून एक देश मिळवला. "पण साहेब, तिथली रेल्वे कधीच बंद पडलीय."

"मग खर्च कमीच ना? घाला!"

बैठकीत तक्त्यावर टाळ्या पडल्या. साहेबांनी गळ्यात हार घालून घेतला आणि पुलाची फाइल बाजूला सारली. "सगळं उत्तम चाललंय, मग पुलाला उगाच हात कशाला?"

शर्वरीबाईंनी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. त्यांची रोजची गाडी त्याच पुलावरून जाई.

"अहो, उद्यापासून एसटीनं जा."