वस्तादांचा भाचा

"मामा, सोडा त्यांना! ते फिजिओ आहेत!" संग्राम गवतावर पडल्या पडल्या ओरडला.

तोवर फिजिओ मामांच्या खांद्यावरून उडून बाउंड्रीच्या दोरीपलीकडे आपटला होता आणि सोडवायला धावलेल्या कोचच्या नाकातून रक्ताची धार लागली होती.

मामा तालमीचे वस्ताद. पाठ मातीला लागली की माणूस हरला, एवढाच त्यांचा कायदा. आणि इथं निवड समितीच्या डोळ्यांदेखत सख्खा भाचा उताणा, अन् एक काडीपैलवान त्याचे गुडघे छातीवर दाबत बसलेला!

"अहो, त्याची कंबर धरलीय," फिजिओ कण्हला. "ताण दिला नाही तर लंचनंतर बॉलिंग जमायची नाही. मग जिल्ह्याच्या टीममधून गेला तो!"

"मग देऊ की ताण!" मामा गरजले. "पण आमचं पोरगं पाठीवर पडणार नाही."

त्यांनी मागून दोन्ही हातांची कव घालून संग्रामला, गुडघे छातीशी दुमडून, उचललं आणि करकचून आवळलं. संग्राम किंचाळला. कट्! अख्ख्या मैदानानं आवाज ऐकला.

संग्राम खाली उतरला, वाकून बघितलं, एक उडी मारली. "सुटली! मामा, कंबर सुटली!" म्हणत तो बॉल घ्यायला पळाला.

मामा मात्र वाकले ते वाकलेलेच. आवाज त्यांच्या कंबरेतून आला होता.

फिजिओ लंगडत जवळ आला. "चला वस्ताद, पडा उताणे."

मामांनी दात आवळले. "आधी त्या समितीवाल्यांना तिकडं तोंड करायला सांगा."