डोहातली आसरा

मोताळ्याजवळच्या एका गावात नदीच्या डोहाकडे कोणी फिरकत नसे. डोहात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात आणि माणसाला खाली ओढतात, असं सगळे मानायचे. एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात नागपूरहून एक प्रोफेसर आले. त्या डोहात छत्रीच्या आकाराचा पण रुपयाएवढाच, काचेसारखा आरपार दिसणारा जेलीफिश आहे, तो माणसाला काही करत नाही म्हणाले, आणि तो धरून द्यायला माणसं मागू लागले.

कोणीच पुढे येईना. शेवटी उकंडराव धोतर खोचून काठच्या उथळ पाण्यात उतरले. त्यांनी एक जेलीफिश अलगद ओंजळीत धरला आणि आपल्या दहा वर्षांच्या लेकीला दाखवला.

"हे पाह्य द्वारके, तुही आसरा! चावत नाही न काही नाही. काऊन भेतं व?"

द्वारकी खुदकन हसली. दुसऱ्या दिवसापासून अर्धं गाव पाण्यात उतरलं. आठवडाभरात प्रोफेसरांच्या बरण्या भरल्या. जाताना ते उकंडरावांना म्हणाले, "तुमच्यामुळे लोकांची भीती गेली."

ते गेल्यावर चौथ्या दिवशी द्वारकी एकटीच डोहावर गेली. काठापासून चार पावलांवर तळ एकदम खोल जात होता. संध्याकाळी ती तिथंच बुडालेली सापडली.

मग कितीतरी दिवस उकंडराव ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत राहिले, "त्या जिवानं तिले काहीच नाही केलं. प्रोफेसर खरंच बोलले होते."

द्वारकीची आई सोजराबाई एके दिवशी दारात येऊन उभी राहिली.

"खरंच बोलले हो ते. पन भेत होती तवर जिती होती माही पोर."