बिनआगीचं चॉकलेट

"निघायचं का नाई?" तेजरामनं ओट्यावरून पुन्हा विचारलं. आत त्याची बहीण ज्योत्सना खलबत्त्यात खजूर कुटत होती. मिक्सर होता, पण आज तिला हातानंच कुटायचं होतं. तेवढाच उशीर.

"आईचं करून ठेवू दे, मंग."

आई म्हणजे सासू, दुर्गाबाई. मोहाडीच्या या घरात आता या दोघीच होत्या. दुर्गाबाईंचा मुलगा, ज्योत्सनाचा नवरा चंदन, घरचा हातमाग सोडून सुरतेला कामाला गेला. वर्षभर फोन आले, मग बंद पडले. तेव्हा दुर्गाबाई देवीपुढे उभ्या राहिल्या आणि बोलून बसल्या. पोरगा घरी येईस्तोवर धान्याला शिवणार नाही, दूध घेणार नाही, आगीवर गेलेलं काही तोंडात घालणार नाही. धानाच्या मुलखातल्या बाईनं भात सोडला होता. देवीनंही जरा विचार करायला हवा होता.

सुरुवातीला केळी, पेरू, भिजवलेले शेंगदाणे यांवर निभावलं. पुढे दुर्गाबाईंच्या बांगड्या हातातून गळायला लागल्या. त्या दिवसांत ज्योत्सनाला फोनवर एक शहरी बाई दिसली. ती पिठाशिवाय, दुधाशिवाय, गॅस न पेटवता चॉकलेटची बर्फी करत होती, बारीक होण्यासाठी. ज्योत्सनाला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. तिनं ती बर्फी सासूला जगवण्यासाठी शिकून घेतली.

नवसात ती बसवणं सोपं नव्हतं. गूळ कढईत रटरटतो, म्हणून बाद. साखरेचं तेच. दुकानातली कोकोची पूड भाजलेली असते, तीही बाद. न भाजलेली नागपूरहून मागवावी लागे. पिठाच्या जागी शिंगाडा, तोही उकडलेला नाही, कच्चाच उन्हात वाळवून दळलेला. तो तलावावरची शकुन आठवड्याला आणून देई. शिंगाडा, कोको, खजूर, ओलं खोबरं आणि लाकडी घाण्याचं तेल एकत्र मळायचं, ताटात थापायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. पहिला तुकडा खाऊन दुर्गाबाई म्हणाल्या होत्या, "कडू हाय थोडंसं. पण जिवाले बरं वाटलं." ज्योत्सनाला तेवढं पुरलं. तेव्हापासून घरातलं ताट कधी रिकामं राहिलं नाही.

गेल्या दिवाळीत चंदनचा फोन आला. तो ज्योत्सनाशीच बोलला. तिकडे दुसरी बायको होती, मूलही झालं होतं. फारकत द्यायला तो तयार होता. "आता येणं होत नाई. आईले तू सांगजो नको," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. ज्योत्सनानं माहेरी सांगितलं, सासूला नाही. नवस पोराच्या येण्यावर टांगलेला होता. पोरगा येणारच नाही म्हटल्यावर ही बाई मरेपर्यंत भाताला शिवणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि आज तेजराम लाखनीहून तिला न्यायला आला होता. शहापूरचं स्थळ होतं. बिजवर, पण भला माणूस. सगळं ठाऊक असून पाहायला येणार होता. संध्याकाळी लाखनीला पोचायचं होतं.

ज्योत्सनानं मळलेला गोळा ताटात थापला. बोटं कोकोनं काळी झाली होती. ती तशीच बसून राहिली.

"दादा, तू जाय. मी नाई येत."

"काहून?"

"मी गेली तं आईले कोण करून देईल हे?"

तेजराम तसा शांत माणूस. पण बहिणीचं असं वाळत जाणं त्याला सहन होत नव्हतं. त्याचा आवाज चढला.

"तो तिकडं बाप होऊन बसला, अन् तू इथं खजूर कुटत राह्य जलमभर!"

मागच्या दारात काहीतरी हललं. दुर्गाबाई तिथं उभ्या होत्या. हातात धुतलेले कपडे होते.

त्यांनी कपडे खाली ठेवले. सुनेकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "कवापासून ठाव हाय तुले?"

"दिवाळीपासून."

दुर्गाबाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत. चुलीजवळ सुनेपुरता शिजवलेला भात झाकून ठेवला होता. त्यांनी स्वतःच झाकण काढलं, ताटलीत भात घेतला, वर वरण ओतलं आणि पुढच्या दारात येऊन बसल्या.

"आई, नवस मोडते!" ज्योत्सनानं त्यांचा हात धरला.

"मोडू दे. मी जेवल्याबिगर तू निघत नाईस."

त्यांनी हात सोडवला आणि पहिला घास घेतला. तो गिळायला फार वेळ लागला. इतक्या दिवसांत गळ्याला भाताची सवय राहिली नव्हती. दुसरा घास घेतला. ज्योत्सना भिंतीला टेकून, तोंडात पदर कोंबून रडत होती. तेजराम दुसरीकडे तोंड करून उभा होता.

तेवढ्यात शकुन शिंगाड्यांची टोपली घेऊन फाटकाशी आली. नवस अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होता. ताटलीतला भात दिसला तशी तिनं टोपली खाली टाकली आणि आनंदानं ओरडली, "अवं माय! भात! आला का वो चंदन?"

दुर्गाबाईंनी तोंडातला घास गिळला.

"नाई वं बाई," त्या म्हणाल्या. "पोरगी सासरी चालली माही."