यातलं गळतं कोणतं

“यातलं गळतं कोणतं?” साहेबाने विचारलं.

टेबलावर दोन चित्रं होती. एक प्लॅस्टिकचं हाऊसिंग, आरपार दिसणारं. दुसरं ॲल्युमिनियमचं, काळं, जड. पाण्याखाली कॅमेरा न्यायचा तर त्याला असा बंद डबा लागतो. नवा मिररलेस कॅमेरा वरच्या ऑफिसने पाठवून दिला होता. डबा कोणता घ्यायचा ते साहेबाने ठरवायचं होतं.

पाणबुड्या दारातच उभा होता. सकाळपासून दोन बुड्या झाल्या होत्या, कानांत अजून पाणी होतं. चौदा वर्षं तो या खात्यासाठी पुलांचे खांब तपासत होता आणि चौदा वर्षांत साहेबाने त्याला कधी बसा म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. अरे-तुरे सोडून ‘तुम्ही’सुद्धा म्हटलं.

पाणबुड्या बसला आणि सांगायला लागला. ॲल्युमिनियमचं दिसायला देखणं, पण नुसता दिखावा. गार पाण्यात धातू आकसतो, रबरी रिंग सैल पडते, दहा मीटरच्या खाली गेलं की झिरपायला लागतं. कॅमेरा गेलाच म्हणून समजा. प्लॅस्टिकचं साधं, पण भरवशाचं. साहेबाने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा ‘नक्की ना?’ म्हणून विचारलं.

“लिहून देऊ का?” पाणबुड्या म्हणाला.

“नको, नको. तोंडी पुरे.”

आठ दिवसांनी खोकं आलं. आत ॲल्युमिनियमचं हाऊसिंग होतं.

होडीतून दोर धरायचं काम पाणबुड्याच्या मेहुण्याचं, बायकोच्या धाकट्या भावाचं. त्याने ते पाहून कपाळावर हात मारला. सहा नंबरच्या खांबाचं काँक्रीट याच साहेबाने ओतून घेतलेलं, कागदावर सही त्याची, आणि चार महिन्यांनी तो रिटायर होणार. त्या खांबाला पाण्याखाली भेग पडली होती. पाणबुड्याचा हात कोपरापर्यंत आत जायचा. तीन वर्षं तो हे सांगत होता. जुना कॅमेरा पिशवीत बांधून काढलेले फोटो धुरकट यायचे आणि दर वर्षी फायलीवर तोच शेरा पडायचा: पुरावा अस्पष्ट. पाण्याखाली खोटं बोलता येत नाही, तोंडात नळी असते. खोटं बोलायला कोरडी जागा लागते आणि खात्यात कोरड्या जागांना तोटा नाही. आता पुरावा काढणारा कॅमेराच बुडाला की विषय संपला. सगळ्यात भारी हाऊसिंग घेतलं, तरी बुडाला, साहेब बिचारा काय करणार? खापर फुटणार ते पाणबुड्याच्या डोक्यावर.

“कुठलं कुलूप कच्चं ते चोराला तुम्हीच दाखवलंत, भाऊजी,” मेहुणा म्हणाला.

पाणबुड्याने हाऊसिंग उघडून मांडीवर घेतलं होतं. तो रबरी रिंगवरून बोट फिरवत बसला होता. एक केस जरी तिच्यावर राहिला तरी पाणी आत शिरतं. त्याची मुलगी रोज साडेसातच्या बसने त्याच पुलावरून कॉलेजला जायची. दुसऱ्या पुलाने जात जा, असं त्याने तिला सांगून पाहिलं होतं. ‘मला काय सांगता बाबा, बसला सांगा,’ ती म्हणाली होती.

बुडीच्या दिवशी साहेब स्वतः होडीत आला. एरवी नदीचा वास आला तरी नाकाला रुमाल लावणारा माणूस. बरोबर वरच्या ऑफिसच्या मॅडमना घेऊन आला, साक्षीला. कॅमेरा बुडताना वरचं कोणीतरी बघायला हवं ना.

हाऊसिंग असो की पिशवी, आधी रिकामं बुडवायचं, आत टिश्यू पेपरची घडी ठेवून, हा पाणबुड्यांचा रिवाज. घडी कोरडी वर आली तरच कॅमेरा आत. साहेब म्हणाला, मॅडमना उशीर होतोय, रिकामं कशाला बुडवता, थेट कॅमेराच घाला. मेहुण्याने भाऊजींकडे पाहिलं. चौदा वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

पाणबुड्या ‘बरं’ म्हणाला. भांडायला लागणारी ताकद त्याला खाली हवी होती. त्याने कॅमेरा बसवला, टिश्यूची घडी त्याच्याखाली सरकवली, झाकण लावलं आणि छोट्या पंपाने आतली हवा ओढून ते घट्ट बसवलं.

“आता ती घडी कशाला? कॅमेऱ्याचे डोळे पुसायला?” मेहुणा पुटपुटला आणि दोर सोडत राहिला.

चाळीस मिनिटं गेली. साहेब मॅडमना समजावत होता की एवढ्या गार पाण्यात काही सांगता येत नाही, उपकरणं दगा देतात. कॅमेरा वर यायच्या आधीच त्याच्या मृत्यूचा दाखला तयार होता.

पाणबुड्या वर आला. होडीची कड धरून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग त्याने हाऊसिंग दिलं ते साहेबाच्या हातात नाही, मॅडमच्या. मागच्या काचेतून फोटो दिसत होते. भेगेची कड. आत उघडी पडलेली गंजकी सळई. शेजारी धरलेली मोजपट्टी आणि तिच्यावरचे आकडेसुद्धा. मॅडमनी एकेक करून सगळे पाहिले. मग फोन काढला आणि पूल आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगितलं.

साहेबाच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते. पाणबुड्याने हाऊसिंग परत घेतलं, पुसलं, उघडलं. कार्ड मॅडमना दिलं. कॅमेऱ्याखालची घडी काढून साहेबापुढे धरली. ठणठणीत कोरडी.

“हे गळतं म्हणाला होतास,” साहेब हळूच म्हणाला. ‘तुम्ही’ तेवढं नदीत बुडालं होतं.

“म्हणून तर तुम्ही ते घेतलंत, साहेब.”