वरच्या वाडीची मतं

"पुढचा बंपर खालून काप, मिस्त्री. पोटाखाली जाड पत्रा बसव. ओढ्यातले धोंडे घासून घासून दमले, तरी चेंबरला धक्का लागता कामा नये."

"शर्यतीला चाललास का काय, भिवा?" मिस्त्री हसला आणि लगेच ओशाळला. याच पिकअपमधून भिवाची बायको कळा सोसत दवाखान्यात निघाली होती. धोंड्यानं चेंबर फोडलं, सगळं ऑइल ओढ्यात गेलं, आणि भिवाच्या मांडीवर ती विझली. वरच्या वाडीचा ओढ्यातून जाणारा तो रस्ता सरपंचांनी कागदावर केव्हाच बांधून काढला होता.

मतदानाच्या दिवशी सरपंच शाळेच्या वळणावर निवांत उभे होते. वरच्या वाडीची साठ मतं कायम ओढ्यापलीकडे राहायची, म्हणून तर ते दर खेपेला निवडून यायचे.

उन्हं चढली तशी पिकअप डुलत आली, माणसांनी भरलेली. त्यांना उतरवून पुन्हा ओढ्याकडे वळली. तिसऱ्या खेपेला भिवानं सासूला हात धरून उतरवलं.

सरपंचांनी घाम पुसला, घाईनं हात जोडले. "मावशी, विसरू नका हं आम्हाला."

"न्हाय इसरत, बाबा," म्हातारी पदर खोचत म्हणाली. "लेकीला जाळलं, त्या दिसापास्नं रोज तुझंच नाव घेती."