पाच फटकारे

"पुन्हा काढ," हवालदार म्हणाला.

दत्ताराम पेंटरने ब्रश लाल रंगात बुडवला आणि पुठ्ठ्यावर सहाव्यांदा लिहिलं : बारा बाया परत घ्या.

जोगेश्वरीच्या साबण कारखान्याच्या भिंतीवर आज सकाळी साडेसहाच्या सुमारास हेच चार शब्द उमटले होते. पहारेकरी चहाला गेला आणि दहा मिनिटांत परतला, तेवढ्यात. पॅकिंगमधल्या बारा बायकांना मागच्या आठवड्यात काढून टाकलं होतं.

मॅनेजर दिघ्यांना मजकुरापेक्षा अक्षर खुपत होतं. जाड, पोटाशी फुगलेलं, आणि पाचही काने खाली येताना डावीकडे फटकारा मारून गेलेले. फाटकावरच्या 'चंपा साबण' बोर्डावर हेच अक्षर होतं. तो बोर्ड दत्तारामकडूनच आलेला. दुकानांसाठीच्या आणखी तीस पाट्या त्याच्या मालाडच्या खोलीत अर्ध्या झाल्या होत्या. आज अक्षर जुळलं तर पाट्या जाणार होत्या, आणि तो कोठडीत.

"दहा वेळा लिहू दे, साहेब," हवालदार म्हणाला. "दहाव्यांदा हात खोटं बोलत नाही."

दहावा पुठ्ठा पहिल्यासारखाच निघाला : काने ताठ सरळ, फटकारा कुठेच नाही.

"हे अक्षर आहे की बांबू?" दिघे म्हणाले. "मुद्दाम करतोयस. बोर्डासारखं काढ."

"बोर्ड आधी आखलेला असतो, साहेब. मी आत रंग भरतो. दोन दिवस जातात. भिंतीवरचं बघा. एका दमात मारलंय."

हवालदाराने जवळ जाऊन एक काना बोटाने चाचपला. "खरंय. ब्रश कुठे थांबलेलाच नाही."

"साडेसहाला कुठे होतास?" दिघ्यांनी विचारलं.

"नळावर. पाण्याच्या रांगेत."

"तू? बायको नाही तुला?"

"आहे ना. तिचा हात भरून आलाय. चाळीतल्या पंधरा बायकांनी बघितलंय मला हंडा घेऊन. अजून हसत असतील."

हवालदारही हसला. दिघ्यांनी दहाही पुठ्ठे पुन्हा एकेक करून पाहिले. दत्तारामच्या मानेवरून घाम ओघळत होता. तो त्याने पुसला नाही.

"जा," शेवटी दिघे म्हणाले. "पाट्या परवा पाहिजेत. आणि आधी या भिंतीला चुना मार."

दत्तारामने चुना मारला. दोन हात देऊनही ते काने पुसट दिसत राहिले. त्याने तिसरा दिला.

दुपारी तो खोलीवर आला तेव्हा जानकी दारातच उभी होती.

"सोडलं?"

"सोडलं."

"सुंदराबाई दोनदा येऊन गेली. म्हणते, तुझा दादला कधीपासून पाणी भरायला लागला गं?"

"मग?"

"म्हटलं, हात दुखतोय."

जानकीने दार लोटून घेतलं. कोरी पाटी भिंतीला टेकवली, पदर खोचला, रुंद ब्रश उचलला आणि 'चंपा'चा काना एका दमात खाली ओढून डावीकडे फटकारला. दत्ताराम शेजारी बसून तिच्यासाठी रंग ढवळू लागला.